तो नक्की कोणाबद्दल बोलतोय?



आजचे शास्त्रवाचन: यशया ५२:१३ ते ५३:१२ आणि प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०. लोकलमध्ये असाल तर दुसरा उतारा आधी वाचा, तो गोष्टीसारखा आहे. पहिला मात्र घरी, मोठ्याने वाचा. का, ते पुढे सांगते.

यशया ५३ आपल्याला पाठ असतो. उत्तम शुक्रवारी ऐकतो, सात शब्दांच्या उपासनेत कोणीतरी वाचतंच. इतका ओळखीचा झालाय की पहिल्या दोन ओळींतच आपण मनात ‘हो, हे येशूबद्दल आहे’ म्हणतो आणि पुढचं ऐकायचं थांबतो. म्हणून आज तो अशा माणसाबरोबर वाचू या, ज्याला याचं उत्तर माहीत नव्हतं.

यरुशलेमहून गज्जाकडे जाणारा निर्जन रस्ता. एक माणूस रथात बसून वाचतोय. तो कूश देशाचा, म्हणजे मिसरच्या दक्षिणेला, आज जिथे सुदान आहे त्या भागातला. कांदके राणीच्या सगळ्या खजिन्याचा अधिकारी. (कांदके हे तिचं नाव नाही बरं का, तिथल्या राण्यांची ती पदवी होती.) आजच्या भाषेत एका देशाचा अर्थमंत्री म्हणा. आणि तो षंढ होता. लूक हे एकदा सांगून थांबत नाही, पुढे त्याला पुन्हा पुन्हा त्याच शब्दाने ओळखतो.

त्याच्याकडे यशयाची गुंडाळी होती, ही काही छोटी गोष्ट नव्हे. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशयाची एक पूर्ण गुंडाळी सापडली. चामड्याचे १७ तुकडे शिवून केलेली, सात मीटरहून लांब. असं पुस्तक हाताने लिहून घ्यायला किती पैसा लागत असेल, विचार करा. त्यात आपल्यासारखे अध्यायांचे आकडे नसायचे, ते कितीतरी शतकांनंतर आले. ‘त्रेपन्न काढा’ म्हणायची सोयच नव्हती. गुंडाळी उलगडत जायची, वाचत जायचं, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे मोठ्याने वाचायचं. फिलिप्प रथाजवळ धावत आला तेव्हा त्याला म्हणूनच ते ऐकू आलं.

आता हा माणूस कुठून परत चाललाय ते बघा. उपासनेसाठी यरुशलेमला गेला होता, एवढंच लूक सांगतो. मंदिरात तो कुठपर्यंत पोचला हे लिहिलेलं नाही. पण अनुवाद २३:१ उघडा. त्याच्यासारख्या शरीराच्या माणसाला परमेश्वराच्या मंडळीत येता येणार नाही, असा स्पष्ट नियम आहे. शेकडो कोस प्रवास, हातात महागडं पवित्र शास्त्र, मनात खरी भक्ती. आणि त्याच शास्त्रात आपल्याविरुद्ध एक ओळ. मला वाटतं ती ओळ त्याला नक्की माहीत असणार. ज्याच्यावर दार बंद असतं त्याला त्या दाराचं माप बरोबर ठाऊक असतं.

तो जिथे वाचत होता तिथे एका सेवकाचं वर्णन आहे. मेंढरासारखा कापायला नेला जातो, तोंड उघडत नाही. त्याचा अपमान होतो, त्याला न्याय मिळत नाही. आणि मग एक प्रश्न येतो: याच्या पिढीबद्दल कोण सांगणार? कारण त्याचं आयुष्यच पृथ्वीवरून उचललं गेलं. या ओळीचे अर्थ अभ्यासक वेगवेगळे लावतात. कोणी म्हणतात, ‘पिढी’ म्हणजे त्याच्या काळचे लोक. कोणी म्हणतात, त्याचा वंश. पण ज्याला कधीच मूलबाळ होणार नव्हतं, त्याच्या कानाला ती ओळ कशी लागली असेल, यावर मला फार तर्क करावा लागत नाही.

म्हणून त्याने फिलिप्पाला विचारलेला प्रश्न मला परीक्षेतला प्रश्न वाटत नाही. संदेष्टा हे स्वतःबद्दल बोलतोय की आणखी कोणाबद्दल? म्हणजे असा कोणी खरंच आहे का?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि सोपा तर अजिबात नाही. यशया ४९:३ मध्ये देव ‘सेवक’ म्हणून इस्राएललाच हाक मारतो. म्हणून यहूदी परंपरेत पुष्कळांनी ५३ मधला दुःखी सेवक म्हणजे छळ सोसणारं इस्राएल राष्ट्र असं वाचलं. अकराव्या शतकातला मोठा भाष्यकार राशी हेच म्हणतो. हे वाचन मूर्खपणाचं नाही. ख्रिस्ती लोकांनी मसीहाविषयीच्या भाकितांची काठी करून यहूद्यांना शतकानुशतके झोडपलं, ते आपल्या प्रभूला शोभणारं नव्हतं.

मग आपण कशाच्या जोरावर म्हणतो की हे येशूबद्दल आहे?

ऑफिसमधल्या एका मित्राने मला विचारलं होतं, “हे सगळं येशूनंतर लिहून मागे चिकटवलं असेल ना?” त्याला सरळ उत्तर आहे. कुमरानची ती गुंडाळी येशूच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीची मानतात आणि हा उतारा तिच्यात आहे. मूळ लिखाण तर त्याहून कितीतरी जुनं. यशया इ.स.पू. आठव्या शतकातला, पुष्कळ अभ्यासक हे अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या काळातले मानतात, तरी ते येशूच्या पाचशे वर्षं आधीचे ठरतात. पण यातून तारीख कळते. ‘कोण?’ हा प्रश्न तसाच राहतो.

मोबाईलवर फिरणाऱ्या ‘येशूने पूर्ण केलेली ३०० भाकिते’ छापाच्या याद्यांचं मला म्हणूनच फारसं कौतुक नाही. त्या भाकितांना राशिभविष्यासारखं वागवतात: इकडे लिहिलं, तिकडे घडलं, बरोबरची खूण करा. शुभवर्तमानं असं करत नाहीत. मत्तय २:१५ मध्ये होशेयचं वचन ‘पूर्ण झालं’ असं म्हटलंय. होशेय ११:१ वाचून बघा, तिथे भविष्य सांगितलेलंच नाही, इस्राएल मिसरातून निघाल्याची जुनी आठवण आहे. मग पूर्ण काय झालं? मत्तय जे ग्रीक क्रियापद वापरतो, तेच त्याने १३:४८ मध्ये माशांनी भरलेल्या जाळ्यासाठी वापरलंय. पूर्ण होणं म्हणजे भरणं. इस्राएलच्या गोष्टीत जी जागा होती, ती येशूने आपल्या आयुष्याने काठोकाठ भरली. मग सेवक म्हणजे इस्राएल की येशू, ही ओढाताणही बरीच सैल होते.

आणि ती जागा त्याने समजून-उमजून घेतली. लूक २२:३७ बघा. अटकेच्या रात्री, वल्हांडणाचं जेवण झाल्यावर, येशू स्वतः यशया ५३ मधली शेवटची ओळ उचलतो, अपराध्यांत गणला गेल्याची, आणि म्हणतो की हे माझ्यात पूर्ण व्हायचं आहे. राशिभविष्य माणसावर येऊन पडतं म्हणतात. इथे एकजण उठून ते अंगावर घेतोय, तेही जेवणावरून उठून पळायला अजून वेळ असताना.

फिलिप्पाने याच वचनापासून सुरुवात करून येशूची सुवार्ता सांगितली. नेमकं काय बोलला, ते लूकने लिहिलेलं नाही. (लिहायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं!) पण गुंडाळीत पुढे काय होतं ते आपल्याला माहीत आहे. त्याच सेवकाबद्दल थोडं पुढे म्हटलंय की तो आपली संतती पाहील. ज्याची पिढी सांगायला कोणी उरलं नाही, त्याला संतती! आणि आणखी थोडं उलगडलं की ५६:३-५ येतं. तिथे देव षंढांशीच बोलतो. मी वाळलेलं झाड आहे असं त्याने म्हणू नये; माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत, मी त्याला मुलामुलींहून चांगलं, कधी न पुसलं जाणारं नाव देईन. अनुवादातलं बंद दार आणि हे वचन, दोन्हींच्या मधे हा दुःखी सेवक उभा आहे. तो बाहेर फेकला गेला आणि बाहेरच्यांना आत जागा झाली.

आमच्या युवक संघात एक ताई आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. उपासनेनंतर कोणी ना कोणी “काय, यंदा तरी पेढे?” विचारतं, म्हणून ती शेवटचं गीत सुरू असतानाच निघून जाते. कोणी घटस्फोटित आहे, कोणी चाळिशीत एकटा आहे, कोणाच्या मनात काय आहे ते तो कोणालाच सांगू शकत नाही. आपण त्यांना यशया ५३ दर वर्षी ऐकवतो. ५६ ऐकवतो का?

वाटेत पाणी दिसलं तेव्हा त्या अधिकाऱ्याने विचारलं की माझा बाप्तिस्मा व्हायला आता अडचण काय? आयुष्यभर त्याला अडचणीच सांगितल्या गेल्या होत्या. पुढचं ३७ वं वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, त्यामुळे तिथे प्रश्नानंतर उत्तरच येत नाही. रथ थांबतो आणि दोघे पाण्यात उतरतात.

प्रार्थना: प्रभू येशू, माझ्या मंडळीत शेवटच्या गीताआधी उठून जाणारं कोण आहे, ते या रविवारी मला दाखव. त्यांच्या शेजारी बसायला मला धाव घ्यायला लाव. आमेन.

उद्याचे वाचन: यशया ५४ ते ५६.