सही कुणाची

माण तालुका संपतो आणि आटपाडी तालुका सुरू होतो त्या शिवेवर, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मधोमध, एक वाडी आहे असं धरा. वाडी आणि तिथली माणसं गोष्टीतली. भोवतालचा मुलूख मात्र खरा. पाऊस आला तर आला, असा. काही घरं मेंढरांमागे फिरणारी, काही दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी, आणि उरलेल्या घरांतला एखादा तरी पोरगा गलाईला गेलेला. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा माणदेशच्या आणि खानापूर-विट्याच्या माणसांनी देशभर नेला. परमुलखातल्या सराफ बाजारात गलाईचं दुकान दिसलं, की आत मराठी बोलणं ऐकू येण्याचीच शक्यता जास्त.

वाडीतले तात्या असेच सहावीतून शाळा सोडून कोइमतूरला गेले. भट्टीपुढं बसून बसून त्यांनी स्वतःचं दुकान उभं केलं. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला मात्र दर मार्गशीर्षात गावी यायचेच. एका वर्षी रथ झाल्यावर त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेला दहा लॅपटॉप दिले. मंडप पडला, नारळ फुटला, सत्कार झाला, फोटो निघाले. तात्या कोइमतूरला परत गेले.

पुढच्या वर्षी ते आले आणि सरळ शाळेत गेले. हेडमास्तरांनी कंबरेच्या किल्लीनं लोखंडी कपाट उघडलं. दहाही लॅपटॉप नीट रचून ठेवलेले. वरचं प्लॅस्टिक तसंच, प्रत्येकावर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू. तात्यांनी एक चालू करायला सांगितला, तो होईना. दुसराही होईना. वर्षभर चार्जिंग न झाल्यानं दोन्हींच्या बॅटऱ्या कायमच्या गेल्या होत्या.

"गुरुजी, पोरांनी ह्यांना हात लावला का न्हाई?"

हेडमास्तर भला माणूस होता. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून, कमवा आणि शिका योजनेत काम करत शिकलेला. त्यानं टेबलावर डेडस्टॉक रजिस्टर उघडून ठेवलं. दहा ओळी, दहा क्रमांक, आणि खाली त्याची सही.

"तात्या, दान तुमचं, पण सही माझी. एक फुटला, एक चोरीला गेला, तर जाब मला द्यायचा. बदली झाली की नव्या माणसाला चार्ज देताना एकेक नग मोजून द्यावा लागतो. माझ्या घरी दोन मुलं कॉलेजात आहेत."

या माणसाला भित्रा म्हणायची माझी तयारी नाही. जी वस्तू मोडली तर एकट्याच्या पगारातून जाईल अशी धास्ती असते, ती वस्तू कुणीही कुलपातच ठेवील. आपण शाळांना यंत्रं देतो, त्यांच्यासोबत ही धास्तीही देतो, आणि मग शिक्षकांना उत्साह नाही म्हणून हळहळतो.

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी भट्टीवर लागलो, त्या पहिल्या महिन्यात माझ्या हातनं मूस फुटली. तापल्या सोन्यासकट. मला वाटलं, आता मालक गाडीत बसवून गावाला धाडणार. मालक म्हनला, राख गोळा कर. राखंतनं सोनं निघतंय. त्या दिवशी मी राखंतनं सोनं काढायला शिकलो, गुरुजी. मूस फुटलीच नसती, तर ते कवा शिकलो असतो?"

त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा बसली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला ही समिती दिली आहे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. एरवी या वाडीत तिची सभा रजिस्टर घरोघर फिरवून व्हायची. त्या दिवशी माणसं खरंच आली.

लॅपटॉप बाहेर काढायचे का, यावर वाद झाला. पोरं बिघडतील, गेम खेळतील, एवढी महागाची वस्तू लहानांच्या हातात कशाला, असं बरंच. तेव्हा शाळेत नव्यानं आलेल्या बाई उठल्या. त्या पलूस तालुक्यातल्या, किर्लोस्करवाडीजवळच्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं अजून सांगतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेत नव्हते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. 1910 साली आमच्या माळावर कारखाना उभा राहिला, आणि पुढं त्याच लोखंडी नांगरानं सगळ्यांची रानं नांगरली. जमिनीला काही झालं नाही. ज्यांनी नांगर घेतला नाही, ते तेवढी वर्षं मागं राहिले."

समितीतल्या एका आक्कांनी मग मुद्द्याला हात घातला. त्यांचं बोलणं सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत कामाचं. "मोडला तर कोण भरणार, एवढंच हाय न्हवं? यात्रंच्या तमाशाला दर घरटी वर्गणी निघती. ह्यालाबी काढू. गुरुजींनी एकट्यानं का भरावं?"

ठराव झाला. मुलांच्या वापरात लॅपटॉप बिघडला तर दुरुस्ती लोकवर्गणीतून होईल; मुख्याध्यापक एकटे जबाबदार राहणार नाहीत. वरच्या दोन वर्गांतली मुलं पाळीपाळीनं चार्जिंगची आणि कुलपाची जबाबदारी घेतील आणि वहीत नोंद ठेवतील. खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. आक्कांनी अंगठा न देता सही केली, अक्षर जोडत जोडत. बंद बॅटऱ्या तात्यांनी बदलून दिल्या. थकलेल्या बिलापायी शाळेची वीज तुटली होती, ती वर्गणीच्या पहिल्या पैशांतून जोडून घेतली.

बाईंनी मुलांना टायपिंगला बसवलं नाही. पडद्यावर एक कासव असतं, त्याला हुकूम द्यायचे: फॉरवर्ड 100, राइट 90. मुलांनी लगेच आपली भाषा केली, "पुढं शंभर, उजवीकडं नव्वद." चार वेळा सांगितलं की चौकोन होतो. मग 'रिपीट' मिळालं, आणि एकदाच सांगून चार वेळा करून घेता यायला लागलं. ते हाती आल्यावर वर्ग नुसता हसत होता.

मग बाई म्हणाल्या, आता त्रिकोण काढा.

मेंढपाळाची एक पोर होती, सहावीतली. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन 60 अंशांचा, हे तिला पाठ होतं. तिनं तीन वेळा 60 दिलं. कासव तीन रेघा ओढून थांबलं आणि आकृतीचं तोंड उघडंच राहिलं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"बाई, ह्याला येत न्हाई. बिघडलंय."

बाईंना उत्तर ठाऊक होतं, पण त्यांनी ते दिलं नाही. सगळ्यांना मैदानावर नेलं आणि फक्कीनं मोठा त्रिकोण आखला. "आता तू कासव हो. चाल."

पोर पहिल्या बाजूवरून चालत कोपऱ्यावर आली. तिथं तिचं तोंड होतं सरळ पुढं, पिंपळाच्या झाडाकडं. दुसऱ्या बाजूला वळायला तिला चांगलंच फिरावं लागलं. एका पोरानं फळ्यावरचा लाकडी कोनमापक आणून जमिनीवर ठेवला. आधी तिचं तोंड होतं ती दिशा आणि आता झालं ती दिशा, यांत 120 अंश होते. तिन्ही कोपरे फिरून ती सुरुवातीला आली, तेव्हा तोंड पुन्हा पिंपळाकडं.

ती जागच्या जागी थांबली. "मी आतला कोन मोजत हुते. वळायला भाईरनं लागतंय. तीन कोपऱ्यांत मिळून पुरा येक फेरा. तीनशेसाठ भागिले तीन!"

आणि ती वर्गाकडे पळत सुटली. पाच बाजूंना 72, सहाला 60, आठाला 45. शेवटी तिनं छत्तीस बाजूंना 10 अंश दिले आणि पडद्यावर वाटोळं उमटलं. ते पाहून ती म्हणाली, "बाई, आमचा आप्पा मेंढरांची वाघर गोल लावतो. तेवढ्याच जाळीत मेंढरं जास्त मावत्यात म्हणतो."

बाईंनी तो दिवसभराचा धडाच केला. 120 पावलांची जाळी धरली. तिचा समभुज त्रिकोण केला तर आत सुमारे 693 चौरस पावलं जागा, चौकोन केला तर 900, बारा बाजू केल्या तर सुमारे 1,120. आप्पाचं म्हणणं खरं होतं. शाळेत कधी न गेलेल्या बापाचं शहाणपण पोरीनं आकड्यांत मांडून घरी नेलं. या गोष्टीत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे.

हे कासव ज्याच्या डोक्यातून निघालं तो सीमोर पेपर्ट 1928 साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात जन्मला. 1967 साली त्यानं सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा केली. मुलानं यंत्राला शिकवावं, चुकावं, चूक शोधावी आणि दुरुस्त करावी, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्याच विचारातून मुलांसाठी स्वस्त, हिरवे-पांढरे लॅपटॉप निघाले. रवांडातल्या शाळांना ते दोन लाखांहून जास्त मिळाले. आपल्याकडे 2007 साली कर्जत तालुक्यातल्या खैराट या आदिवासी भागातल्या एकशिक्षकी शाळेत ते आले. पण पेरू देशात लाखो लॅपटॉप वाटल्यावर 319 शाळांच्या पाहणीचा अहवाल 2012 साली आला, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती झाल्याचं दिसलं नाही. वाटप झालं होतं. मैदानावर फक्की ओढणाऱ्या बाई प्रत्येक शाळेच्या वाट्याला आल्या नव्हत्या. लॅपटॉपांवर खर्च होतो त्याच्या निम्मा जरी शिक्षकांच्या तयारीवर झाला, तरी चित्र पालटेल असं माझं ठाम मत आहे.

वाडीत त्या हिवाळ्यात एका लॅपटॉपवर पाणी सांडलं आणि कीबोर्ड गेला. ज्या पोराच्या हातून सांडलं त्यानं स्वतःच वहीत लिहिलं: "माझ्याकडून सांडले." आटपाडीला दुरुस्ती झाली, बिल समितीनं दिलं.

मे महिन्यात हेडमास्तरांची बदली झाली. चार्ज घ्यायला आलेल्या नव्या गुरुजींनी रजिस्टर पाहिलं, लॅपटॉप पाहिले. दोनांच्या बॅटऱ्या बदललेल्या, एकाचा कीबोर्ड दुसऱ्याच रंगाचा, सगळ्यांवर बोटांचे डाग. "हे सगळं मी माझ्या सहीवर कसं घेऊ?" त्यांनी विचारलं. हेडमास्तरांनी ठरावाचं पान उघडून पुढं केलं. नव्या गुरुजींनी सह्या मोजल्या, खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्या खाली आपली सही केली.

तुम्ही यात्रेला गावी जाल, तेव्हा शाळेतही जा. कपाट उघडायला सांगा. आत लॅपटॉप कोरे करकरीत दिसले तर हेडमास्तरांना बोल लावू नका. समितीच्या पुढच्या सभेला बसा, दुरुस्तीच्या पहिल्या बिलापुरते पैसे टेबलावर ठेवा, आणि ठरावाखाली तुमचीही सही करा.