मुखार्बुद आणि कर्मविपाक

रोग जडला की रोग्याच्या घरात दोन प्रश्न एकदमच शिरतात: हा बरा कशाने होईल, आणि हा ह्यालाच का झाला. पहिल्याचे उत्तर देण्यास पदवी लागते, अनुभव लागतो, आणि तरीही ते पुष्कळदा संकोचानेच दिले जाते; दुसऱ्याचे उत्तर देण्यास कोणतीच सनद लागत नसल्यामुळे समाचारास येणारा प्रत्येक जण ते निःशंकपणे देऊन मोकळा होतो. तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर हे उत्तर इतके तयार असते की, रोग्याच्या गालावरची पट्टी दिसताक्षणीच पाहणाऱ्याच्या मनात मुकदमा उभा राहून त्याचा निकालही लागतो. रोगाचे कारण सापडले म्हणजे रोग्याचा दोष शाबीत झाला असे मानता येईल काय, हा प्रश्न मला वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही वाटतो.

असा निकाल देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पातकांच्या ज्या शारीरिक खुणा सांगितल्या आहेत त्यांत सोने चोरणाऱ्याची नखे विद्रूप होतात, मद्यप्याचे दात काळे पडतात, चहाडखोराच्या मुखाला दुर्गंधी येते आणि वाणीची चोरी करणारा मुका जन्मतो. शातातपस्मृतीसारख्या ग्रंथांनी तर पातक, रोग आणि प्रायश्चित्त यांचा तपशीलवार हिशेबच मांडून ठेवला. ह्या ग्रंथकारांना आज हसणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. त्यांचा सारा रोख प्रायश्चित्तावर होता. आपल्या हातून काहीतरी घोर घडले असावे ह्या विचाराने जो स्वतःच पोळला आहे, त्याला दान, जप, व्रत यांच्या वाटेने पुन्हा समाजात आणण्याची ती व्यवस्था होती, आणि शेजाऱ्याच्या व्रणाकडे बोट दाखविण्याचा परवाना तिने कोणाला दिलेला नव्हता. वहिवाटीत मात्र प्रायश्चित्त मागे पडले आणि बोट तेवढे उरले. त्यातही माप सर्वांना एकच नाही. रामकृष्ण परमहंस 1886 साली कंठाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा त्यांच्या भक्तांनी असे मानले की इतरांची पापे त्यांनी आपल्या देहावर घेतली. तोच रोग एखाद्या हमालाला झाला तर ती पापे त्याची स्वतःचीच ठरतात. सत्पुरुषाचे दुखणे परोपकारात जमा आणि सामान्याचे दुखणे शिक्षेत खर्ची, असा हिशेब ज्या सिद्धान्ताला चालतो तो रोगाविषयी काही सांगत नाही. तो रोग्याविषयी आपले आधीच बनलेले मत तेवढे सांगतो.

चरकसंहितेने ह्या प्रश्नाला अधिक धीटपणे हात घातला आहे. तिच्या शारीरस्थानात पूर्वजन्मीच्या कर्माला दैव हे नाव देऊन रोगांच्या कारणांत त्याची गणना केली आहे हे खरे. परंतु विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, मनुष्याचे आयुष्य नियत आहे की अनियत, असे अग्निवेशाने विचारले असता आत्रेय सांगतात की ते दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असते, आणि सर्वांचेच आयुष्य आधीपासून मोजून ठेवलेले असते तर मंत्र, औषधी, पथ्य यांचा खटाटोप कोणी केलाच नसता. वैद्याच्या तोंडून दुसरे उत्तर येणे शक्यच नव्हते, कारण नियतीला पूर्ण शरण जाणाऱ्याने हाती शस्त्र घ्यायचे तरी कशासाठी? त्याच संहितेत प्रज्ञापराधाची कल्पना आहे. बुद्धी, धृती आणि स्मृती ढळल्यामुळे मनुष्य अहिताकडे वळतो आणि रोग ओढवून घेतो, असा तिचा आशय. अपराधाचे ठिकाण ह्या कल्पनेने पूर्वजन्मातून उचलून ह्या जन्मात आणले, हे तिचे मोठेपण. आणि दोषारोप करणाऱ्यांना तिने नवे साधन दिले, ही तिची जोखीम.

आमच्या स्मृतिकारांना तांबूल ठाऊक होता, तंबाखू नव्हती. ती फिरंग्यांच्या गलबतांतून दक्षिणेत उतरली, आणि सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी असद बेग नावाच्या सरदाराने विजापुराहून ती अकबराच्या दरबारी नेली. त्या वेळी बादशहाच्या हकिमाने, आपल्या शहाण्यांनी पारख न केलेली ही वस्तू केवळ परकीयांच्या अनुकरणाने घेऊ नये, असा आक्षेप घेतल्याचे असद बेगने स्वतःच नमूद केले आहे. हकिमाचे कोणी ऐकले नाही. जहांगिराने 1617 साली बंदीचा हुकूम काढला, तोही कागदावरच राहिला. आणि पुढे चुन्यात मळून दाढेखाली बार ठेवणे, भाजून केलेली मिश्री दातांना घासणे, विड्यात जर्दा घालणे असे तिचे नाना प्रकार आमच्या नित्य आचारात इतके मुरले की ते अनादी असावेत असे वाटू लागले.

ह्या वस्तूची खरी पारख करण्यास पुढे तीन शतके लागली. त्रावणकोरात काम करणाऱ्या ऑर नावाच्या डॉक्टराने 1933 साली पान-तंबाखू चघळणाऱ्यांच्या मुखकर्करोगाविषयी लिहिले. 1941 साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनी रोग्यांच्या सवयी व रोगाचे स्थान यांची सांगड घालण्यास प्रारंभ केला. एकाच शहरात राहणाऱ्या, एकच हवा-पाणी घेणाऱ्या निरनिराळ्या जमातींत रोग तोंडाच्या निरनिराळ्या भागांत का उद्भवतो, हा त्यांचा प्रश्न होता; आणि त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे उत्तर थोडक्यात असे की, चघळणाऱ्याला रोग तोंडाच्या पोकळीत गाठतो आणि ओढणाऱ्याला त्याहून खाली, घशाच्या बाजूस. ज्या गालफडात बार ठेवायचा त्याच गालफडात व्रण उठायचा. जन्म, जात, पूर्वसंचित यांपैकी कशाचीही साक्ष न काढता कार्यकारणभाव इतका उघडा करून दाखविणे ही त्या संशोधनाची थोरवी होय.

परंतु येथेच एक चमत्कारिक गोष्ट घडली. विज्ञानाने रोग्याला पूर्वजन्मीच्या पापातून मुक्त केले, आणि समाजाने लागलीच त्याला ह्या जन्मीच्या पापात अडकविले. पूर्वी म्हणत, 'मागल्या जन्मीचे भोग आहेत'. आता म्हणतात, 'खात होता ना, मग भोगील'. दोहोंत अधिक दयाळू पहिलाच निकाल होता असे मला कधी कधी वाटते, कारण मागल्या जन्माची जबाबदारी निदान कोणालाही तपासून पाहता येत नव्हती.

प्रत्यक्ष शरीरात काय घडते ते पाहिले म्हणजे ह्या नव्या निकालाचा पायाही डळमळीत आहे हे ध्यानात येते. मुखाच्या आतील नाजूक आवरणातील पेशी सतत झिजून नव्या होत असतात. तंबाखूतील नायट्रोसमाइन द्रव्ये त्यांच्या जनुकद्रव्याला चिकटून त्यात चुका उत्पन्न करतात, चुना त्या माऱ्याला हातभार लावतो, आणि सुपारीतील अल्कलॉइडे आवरणाखालील तंतू वाढवून तोंड उघडेनासे करतात. पुष्कळशा चुका शरीर स्वतःच दुरुस्त करते. जी एखादी राहून जाते ती पेशीवाढीला लगाम घालणाऱ्या पी-53 सारख्या जनुकात पडली तर अनर्थ, आणि निरुपद्रवी जागी पडली तर काहीच नाही. आणि ती कोठे पडावी हे ठरविताना पेशी मालकाचे चारित्र्य विचारीत नाही. आयुष्यभर बार भरणाऱ्यांतही बहुसंख्यांना हा रोग होत नाही, आणि ज्यांनी तंबाखूला कधी स्पर्श केला नाही अशांच्याही जिभेवर तो उमटतो. 1953 साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अर्बुद एका ठिकाणी दिसत असले तरी भोवतालचे निरोगी भासणारे आवरणही पुष्कळ दूरवर बिघडलेले असते, आणि म्हणूनच एक अर्बुद काढल्यावर दुसरे उगवते. अलीकडे, 2013 साली, भारतीय शास्त्रज्ञांनी गाल व हिरडी यांच्या कर्करोगातील जनुकांचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यातही हा बिघाड रोग्यागणिक निराळा आढळला. तंबाखू हे कारण आहे ह्यात तिळमात्र शंका नाही, आणि ती सोडावी हे सांगण्यात मी कोणाच्याही मागे राहणार नाही. परंतु समान कृत्याचे फळ एकाला मृत्यू आणि दुसऱ्याला नातवंडे असे मिळत असेल, तर त्या फळाला शिक्षा म्हणणे हा न्यायाचाच उपमर्द होय.

आणि दोष वाटायचाच असेल तर वाटणी पुरती व्हावी. निपाणीच्या शिवारात तंबाखू पिकविणारा, तिचा व्यापार करणारा, तिच्यावर महसूल घेणारा सरकारी खजिना, आणि पाहुण्यापुढे पानदान न सरकविणे असभ्य मानणारे आम्ही सर्व ह्या फिर्यादीत प्रतिवादी आहोत. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, तरी तो कोठे मिळतो हे कोणत्याही गावात पोरसवदा मुलगाही सांगतो. जिला आम्ही गणपती म्हणून पाटावर मांडतो ती सुपारी, तंबाखूवाचूनही, कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली जाहीर केले. तिच्या पूजेला मात्र बाध येण्याचे कारण नाही. देवापुढे मांडलेली वस्तू दाढेखाली ठेवावीच असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

चिकित्सेच्या संशोधनात ह्या धर्मप्रश्नाची आणखी एक बाजू दिसते, आणि ती मला विशेष विचार करण्याजोगी वाटते. तोंडातले लहान अर्बुद काढताना मानेतील ग्रंथींत रोग दिसत नसला तरी त्या काढाव्या, की रोग दिसेपर्यंत थांबावे, ह्यावर शल्यवैद्यांत दीर्घकाळ दोन तट होते. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 पासून रोग्यांची संमती घेऊन कोणाला कोणता उपचार द्यावा हे केवळ यदृच्छेवर सोपविले. कोकणात देवाला कौल लावतात, पाकळी उजवीकडून पडली की देवाचा होकार मानतात. येथेही कौलच होता, परंतु त्याचा हेतू नेमका उलटा. कौल लावणारा कोणाची तरी इच्छा जाणू पाहतो, तर हा प्रयोग डॉक्टरांच्या इच्छेसह सर्वांची इच्छा दूर सारू पाहतो, कारण आपल्या मताचा मोह हाच सत्याच्या वाटेतील मोठा अडसर असतो हे त्याने ओळखलेले असते. 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर 80 टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. थांबलेल्या गटात ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांच्यावर अन्याय झाला काय? ज्या दिवशी चिठ्ठी निघाली त्या दिवशी कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते. आणि ते ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणून उपचार करणे हा त्याहून मोठा, फक्त न मोजलेला, अन्याय होता. त्या रोग्यांनी आपल्या देहाने दिलेले उत्तर आज अनोळखी माणसांच्या उपयोगी पडते. रामकृष्णांच्या भक्तांनी जे श्रद्धेने मानले ते येथे अक्षरशः घडले आहे, फक्त त्या रोग्यांना कोणी संत म्हणत नाही.

जीभ कापावी लागलेल्या भाविकाने आता नाम कसे घ्यावे, ह्या शंकेला मात्र परंपरेजवळ सरळ उत्तर आहे. उच्चारलेल्या जपाहून ओठांतला आणि त्याहूनही मानस जप कितीतरी श्रेष्ठ, असे मनूनेच दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. ज्या ग्रंथाने मुक्याला वाणीचा चोर म्हटले त्यानेच मौनातल्या जपाला सर्वांत वरचे स्थान द्यावे, हे त्या ग्रंथाच्या वाचकांनी तरी विसरू नये.

दोषारोपाचा सर्वांत प्रत्यक्ष परिणाम असा की लाजेने रोगी उशिरा येतो, आणि आमच्या देशात बहुतेक रोगी उशिराच येतात. तिरुवनंतपुरमजवळ 1996 पासून आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन केवळ डोळ्यांनी लोकांची तोंडे तपासली, आणि 2005 साली दिसून आले की तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले. म्हणून वाचकांस विनंती एवढीच की, तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून न आल्यास, पांढरा किंवा लाल चट्टा दिसल्यास, अथवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. आणि दुखणे दुसऱ्याचे असेल तर तो काय खात होता हे विचारण्यापूर्वी, रुग्णालयात त्याच्याबरोबर जाण्यास कोणी आहे की नाही, हे विचारावे.