स्वर्गातील स्खलन

पौराणिक विश्वरचनेत स्वर्ग ही भोगभूमी, तर भारतवर्ष ही कर्मभूमी आहे. स्वर्गात पुण्य खर्ची पडते, जोडता येत नाही. ते सरले की जीव मर्त्यलोकी परततो. या व्यवस्थेत गंधर्वगायनाचे नैतिक मूल्य कोणते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ऋग्वेदात सोमाचा रक्षक असलेला गंधर्व पुढे इंद्रसभेचा गायक झाला. तैत्तिरीय उपनिषदाने मनुष्यगंधर्वाचा आनंद मानवी आनंदाच्या १०० पट, देवगंधर्वाचा त्याच्याही १०० पट मानला. मात्र कामनेने न ग्रासलेल्या श्रोत्रियाला तो प्रत्येक पायरीवर इथेच लाभतो, अशी पुस्तीही जोडली. आनंदापुरती स्वर्गाची मक्तेदारी अशा रीतीने तेथेच संपते. उरतो तो कलेचा प्रश्न.

कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’च्या तिसऱ्या अंकात तो उभा राहतो. देवसभेतील ‘लक्ष्मीस्वयंवर’ या प्रयोगात लक्ष्मीची भूमिका करणारी उर्वशी ‘पुरुषोत्तम’ म्हणण्याऐवजी ‘पुरूरवा’ म्हणून जाते. भरतमुनी तिला शाप देतात; इंद्र त्या शापालाच पुरूरव्याच्या सहवासाचे रूप देतो.

उर्वशीचा उद्गार अंतःकरणातला होता, सबब भरत निष्ठुर, हा निर्णय सोपा असला तरी टिकणारा नाही. पात्राच्या मुखाने नटीने स्वतःची अभिलाषा बोलणे हा, पुढे भट्टनायकाने मांडलेल्या साधारणीकरणाच्या कसोटीवरही, प्रयोगाचा भंगच ठरतो. भरतांचा आक्षेप शास्त्रशुद्ध आहे. परंतु त्या आक्षेपातच स्वर्गाची उणीव उघड होते. जिला काही हवे आहे आणि जिचे काही हिरावले जाऊ शकते, तिलाच संयमाची गरज भासते. जेथे स्खलनच संभवत नाही, तेथे अचूकपणाचे श्रेय कोणाला द्यायचे? म्हणून शापाने उर्वशी पृथ्वीवर येते, ती कलेच्या नैतिक प्रदेशात येते. नाट्यशास्त्राच्या अखेरीसही ऋषींचा उपहास केल्यामुळे शापित झालेले भरतपुत्रच नाट्य भूतलावर आणतात, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

मराठी रसिकतेने मर्त्य गायकांची ‘गंधर्व’ ही बिरुदे कौतुकाने मिरवली. त्या कौतुकात एक विस्मरणही दडलेले आहे. कुमार गंधर्वांचे (१९२४–१९९२) गाणे क्षयरोगामुळे काही वर्षे थांबले होते. ज्या श्वासाची शाश्वती नव्हती, त्याच श्वासाने ते पुन्हा उभे राहिले. इंद्रसभेतील गंधर्वाला ही किंमत कधीच मोजावी लागत नाही. त्याला श्रेयही त्यामुळेच देता येत नाही.