बोट घेतोस ती कोणासाठी?

चि. बाबू,


डेट्रॉइटच्या बोट शोमधून तू पाठवलेले तिन्ही फोटो पाहिले. काकांनी तर चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पहिली लाल चकचकीत बास बोट, मागे अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन. दुसरी सेंटर कन्सोल. तिसरी, जिला इथले लोक 'फिश अँड स्की' म्हणतात ती. प्रत्येकीखाली तू इंजिन, वेग, पेट्रोलची टाकी, मासा शोधणाऱ्या स्क्रीनचं माप, सगळं लिहिलंस. पाच वर्षांची लेक आणि दीड वर्षाचा लेक कुठे बसणार, तेवढं राहिलं. तू मोटारींच्या कारखान्यातला माणूस, आकड्यांवाचून तुझं समाधान होत नाही. मीही आकड्यांतच बोलते, फक्त माझे आकडे निराळे आहेत.

आधी मत सांगून टाकते. सतरा-अठरा फुटी, व्ही आकाराच्या खोल तळाची, ॲल्युमिनियमची ड्युअल कन्सोल घे. समोर पूर्ण काच हवी, मागे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड. आणि नवी नको, वापरलेली घे. घरात सगळ्यात आधी जो कंटाळतो, भिजतो, रडतो, त्याच्या सोयीनं बोट ठरवायची. तुला मासे धक्क्यावरूनही मिळतील. पण पोरं पहिल्याच दिवशी कुडकुडत घरी आली, तर पुढच्या उन्हाळ्यात बोटीवर ताडपत्री पडलेली असेल आणि हप्ते तेवढे चालू असतील.

तुमच्या जवळचं पाणी म्हणजे लेक सेंट क्लेअर. नैसर्गिक खोली सरासरी अकरा फूट, जहाजांसाठी खणलेली वाट तेवढी सत्तावीस. उथळ आहे म्हणून पाणी गरीब समजू नकोस. आपल्या वेंगुर्ल्याला लाट लांबून येते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते, मध्ये श्वास घ्यायला सवड मिळते. इथे वारा सुटला की अर्ध्या तासात आखूड, उभ्या लाटा एकामागोमाग उठतात. दोन फुटांची लाटसुद्धा कंबर खिळखिळी करते. सपाट तळ त्यावर आदळत जातो, व्ही तळ पाणी कापतो. हा व्ही पिछाडीला किती अंशांचा आहे ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. फार खोल असेल तर धावताना सुख, पण नांगर टाकून उभं राहिलं की बोट डोलते आणि एका बाजूला तिघं गेली की कलते. म्हणून पंधरा ते अठरा अंशांच्या आसपासची बघ. समुद्रातल्या बोटींचे बावीस-चोवीस अंश तुला नकोत.

नांगर टाकून उभं राहण्याला मी एवढं महत्त्व का देते? कारण मुलांबरोबर तू तीच मासेमारी करणार आहेस. मस्कीचं वेड काही वर्षं बाजूला ठेव. त्या माशाला इथले लोक दहा हजार फेकींचा मासा म्हणतात, आणि पाच वर्षांच्या मुलीचा धीर दहाव्या फेकीला संपतो. वॉलाय माशासाठी तासन्‌तास ट्रोलिंग करणं, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत राहणं, हेही तिच्या कामाचं नाही. तिचा मासा म्हणजे पिवळा पर्च. तळाशी थव्यानं असतो, छोट्या गळाला बारीक मासळी किंवा गांडूळ लावून दोरी खाली सोडली की टकटक जाणवते. फेकायची कसरत नाही, शेजाऱ्याच्या टोपीत गळ अडकण्याचा धोका नाही. रवा लावून तळला की घरी गेल्यावरही तिचा मान राहतो. सतरा वर्षांखालच्यांना मिशिगनमध्ये मासेमारीचा परवानाही लागत नाही. तेव्हा बोट वेगानं पळते किती याच्याआधी ती स्थिर उभी राहते कशी ते बघ, आणि पुढे नांगराची दोरी ठेवायला नीट जागा आहे का तेही.

आता तुझी लाल बास बोट. पुढचा डेक उंच आणि सपाट, उभं राहून गळ फेकायला झकास. पण त्या डेकवर उभं राहिलं तर बाजूचा कठडा घोट्याला येतो. धाकट्याला तिथे ठेवणं म्हणजे त्याला पाण्याच्या काठावर ठेवणं. फिश अँड स्कीमध्ये काच आणि चार जास्तीच्या सीटा मिळतात, पण पुढचा बेत बहुधा तोच. सेंटर कन्सोलला चहूबाजूंनी फिरता येतं, माशामागे धावता येतं, मला स्वतःला ती फार आवडते. पण मे महिन्याचा वारा आणि तुषार अडवायला तिच्यात एका माणसापुरतीच काच. ड्युअल कन्सोलमध्ये काच या कडेपासून त्या कडेपर्यंत असते आणि मधलं दार लावलं की मागची सगळी जागा एका खोलगट खोलीसारखी होते. माप घ्यायचं ते असं: मुलीला बोटीच्या जमिनीवर उभं कर. कठडा तिच्या छातीशी यायला हवा. कमरेशी आला तर ती बोट तिथेच सोडून पुढे चल, विक्रेता काहीही म्हणो.

पाँटूनला नाक मुरडू नकोस, हे जाता जाता. चारी बाजूंना कठडा, दारं, सपाट जमीन. आतल्या छोट्या, शांत तळ्यात मुलं घेऊन जायला तिच्यासारखी नाही. सेंट क्लेअरच्या लाटांत मात्र तिचं पुढचं टोक पाणी घेतं, म्हणून तुझ्यासाठी नको म्हणते.

वीस फुटांखालच्या बोटीवर माणसं, वजन आणि इंजिनाची मर्यादा सांगणारी पट्टी असावीच लागते. पट्टीवर सात माणसं लिहिलेली असली की आपली माणसं खूश होतात आणि मराठी मंडळातली दोन कुटुंबं गोळा करतात. तो आकडा शांत पाण्याचा, आणि त्यात बर्फाची पेटी, नांगर, डब्यातली पुरणपोळी धरलेली नसते. सातच्या बोटीत चार मोठे, दोन लहान, बास. वीस फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींचा आणखी एक फायदा आहे. त्यांच्यात एवढा फोम भरलेला असावा लागतो की बोट पाण्यानं भरली तरी ती सपाट तरंगत राहते आणि माणसांना धरायला आधार मिळतो. इंजिन आत बसवलेल्या बोटींना नियम सैल आहे, तिथे बोटीचा एखादा भाग पाण्यावर राहिला तरी चालतं. लहान मुलं असताना आउटबोर्ड सांगते ती त्यासाठी. शिवाय थंडीत ते इंजिन खाली सरळ करून ठेवलं की पाणी निथळून जातं. आतल्या इंजिनात पाणी राहिलं तर जानेवारीत ते ब्लॉक फोडतं.

लाइफ जॅकेट. मिशिगनचा कायदा सहा वर्षांखालच्या मुलांना उघड्या डेकवर ते घालायलाच लावतो. मुलगी ऑगस्टमध्ये सहाची होईल आणि कायदा तिला सोडेल. तू सोडू नकोस. जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं: तीस पौंडांखाली एक माप, तीस ते पन्नास दुसरं. घातल्यावर खांद्यांना धरून वर उचल. हनुवटी आणि कान आत बुडाले तर जॅकेट मोठं आहे. धाकट्याच्या जॅकेटला डोक्यामागे उशी, वर धरायला मूठ आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. हवेनं फुगणारी जॅकेटं सोळा वर्षांखालच्यांसाठी नसतात. ती तुम्ही दोघं घाला, पण घाला! मेमध्ये हवा पंचाहत्तर डिग्री फॅरनहाइट असते आणि पाणी पन्नाशीत. अशा पाण्यात पट्टीचा पोहणाराही पहिल्या मिनिटाला धापा टाकतो, आणि दहाएक मिनिटांत बोटं शिडी धरायला तयार नसतात. शिडीही म्हणूनच बघ. चार पायऱ्यांची, पाण्यातूनच खाली ओढता येणारी. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर किंवा शिडीपाशी कोणी बसायचं नाही, तिथे धूर साचतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि बोट सुनेला चालवता यायला हवी. तिला वेळ नाही, तिला आवड नाही, हे मला सांगू नकोस. पाण्यात तू पडलास तर बोटीवर ती आणि दोन मुलं उरतात. इंजिन बंद कसं करायचं, वळवून जवळ कसं आणायचं, रेडिओवर काय बोलायचं, एवढं तिला आलं पाहिजे. १ एप्रिल २०२१ पासून लहान बोटींवर वेगात जाताना चालकानं इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवायचा नियम आहे. ती तू लावतोसच ना? बोट सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मिशिगनमध्ये १ जुलै १९९६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सक्तीचं आहे. तुम्ही दोघं त्याआधीची, तरी दोघांनी मिळून तो अभ्यासक्रम करा. बोट पसंत करतानाही सुकाणूवर आधी तिला बसव. तिला सीटवरून पुढचं पाणी दिसत नसेल तर ती बोट तुमची नाही.

बाकी किरकोळ. उन्हासाठी घडी होणारं छत हवं. काठ्या ठेवायला कुलपाची पेटी हवी, कारण तीन काट्यांचा गळ रांगत्या पोराला सापडल्याशिवाय राहत नाही. मुलांच्या गळांची उलटी टोकं पकडीनं दाबून टाक. कन्सोलखाली छोटं शौचपात्र बसेल एवढी जागा बघ. हसू नकोस, सहल किती वेळ चालते ते शेवटी यावरच ठरतं.

जुनी बोट बघायला जाशील तेव्हा रंगाकडे बघू नकोस. ट्रेलरवर उभी असताना बूच लावून तळात थोडं पाणी ओतायला सांग आणि खाली वाकून रिव्हेटांची रांग बघ. कुठून थेंब पडतो ते दिसतं. इंजिन वर उचलून त्याच्या बुडावर जोर दे आणि मागची फळी हलते का बघ. जुन्या बोटींत ती आतून लाकडी असते आणि कुजली तरी वरून कळत नाही. इंजिनाचे तास वाच, कॉम्प्रेशन मेकॅनिककडून तपासून घे. फार कमी तास असलेलं जुनं इंजिन बघून हुरळू नकोस, वर्षानुवर्षं न चाललेलं इंजिन कुरकुरतं. विकणारा पाण्यात नेऊन चालवून दाखवायला तयार नसेल तर पुढे बोलूच नकोस. एप्रिलपर्यंत थांबावं लागलं तरी थांब.

तुमची गाडी किती ओढते ते पुस्तकात बघून घे. बोट, इंजिन, ट्रेलर, वर पेट्रोलचे गॅलनमागे सहा पौंड आणि सामान, हे सगळं धरून वजन कर आणि गाडीच्या मर्यादेच्या पुष्कळ आत राहा. मेट्रोपार्कमधला बोट पाण्यात सोडायचा उतार शनिवारी सकाळी गजबजलेला असतो. मागे रांग आणि गाडीत रडणारं पोर असताना ट्रेलर उलटा घ्यायला शिकणं जमायचं नाही. एखाद्या बुधवारी संध्याकाळी काकांबरोबर रिकाम्या पार्किंगमध्ये सराव कर.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काका मोकळे आहेत. बोट बघायला जाताना त्यांना घे आणि दोन्ही मुलांना घे, धाकट्याची झोपेची वेळ सांभाळून. सुनेला आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. गॅरेज मोजलंस का? अठरा फुटी बोट ट्रेलरची दांडी आणि मागचं इंजिन धरून बावीस-तेवीस फूट होते. काचेसकट उंचीही मोज, दारातून जाईल ना?