नव्वदीचा जमाखर्च

आमच्या शाखेत डबे उघडले की जगातले सगळे प्रश्न टेबलावर येतात आणि लोणच्याबरोबर संपतात. परवाचा मात्र संपला नाही. शिपायानं मोबाईलवर 'रंगीला'तलं गाणं लावलं आणि हेडकॅशियर बाई पोळी हातात धरून म्हणाल्या, "नव्वदीच्या दशकाची मजा घ्यायची तर माणूस तेव्हा कॉलेजातच हवा!" त्या तेव्हा कॉलेजात होत्या, हे सांगायला नकोच. कर्जविभागातले तरुण गृहस्थ म्हणाले, "छे! सहा-सात वर्षांचा हवा. 'शक्तिमान' बघायला." १९९७ साली, ती मालिका सुरू झाली तेव्हा, हे पहिलीत. मी म्हटलं, "चौदा." १९९५ साली मी चौदा वर्षांचा होतो.

म्हणजे अर्जदारही आपण, जामीनही आपण आणि मंजुरीची सहीही आपलीच. असं कर्ज बँकेत निघालं तर दुसऱ्या दिवशी ऑडिटर दारात.

तरीही चौदाची बाजू भक्कम आहे. सहाव्या वर्षी सगळं आवडतं, त्यामुळे आवडण्याला किंमत नसते. विसाव्या वर्षी गाणं ऐकताना नोकरीचं काय, हा प्रश्न मागे तबल्यासारखा वाजत असतो. चौदाव्या वर्षी निम्मं कळतं, आणि न कळलेलं निम्मं माणूस जास्त मोठ्यानं म्हणतो. त्यात आमचं नशीब असं, की १९९२ साली 'रोजा'तून रेहमान आला, त्याच वर्षी झी टीव्ही आला, आणि एकट्या दूरदर्शनवर वाढलेल्या आमच्या वाड्याच्या कौलांवरून केबलची काळी वायर आली. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन दुकानात जायचं. दुकानदार आठ दिवसांनी भरून द्यायचा आणि शेवटचं गाणं हमखास अर्ध्यात तुटायचं. अजूनही ती गाणी पूर्ण ऐकली की मला पुढचं कडवं उपरं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ म्हणतात, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्य आठवायला सांगितलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त निघतात. याला त्यांनी 'रेमिनिसन्स बम्प' असं नाव दिलंय. बम्प म्हटलं की मला स्पीडब्रेकर आठवतो, आणि ते खरंही आहे. आमची गाडी तिथंच आपटली आणि तिथंच हळू झाली.

या सगळ्या दशकात आमच्या बाबांचं योगदान एकाच वाक्याचं होतं : "आवाज कमी कर." १९९५ साली ते पंचेचाळीस वर्षांचे होते. मी त्यांना त्या दशकात धरतच नव्हतो. ते आपले पंख्यासारखे वर फिरत असायचे. आता मी त्याच वयाला आलोय आणि तेच वाक्य माझ्या मुलीला म्हणतो. तिच्या कानात इयरफोन असतात, मला काहीच ऐकू येत नसतं, तरी म्हणतो. ती एक इयरफोन काढून "काय, बाबा?" विचारते. पुढं मला सुचत नाही.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना बाबांच्या हिशोबाच्या वह्या निघाल्या. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. बी.कॉम. माणसाच्या हाती वही लागली की माळा राहतो बाजूला. १९९५ ची उघडली. केबल. सेल दोन. कोरी कॅसेट, चि. साठी. दर महिन्याला तेच. म्हणजे माझं अख्खं दशक इथं खर्चाच्या बाजूला पडलेलं होतं. आणि मग २२ नोव्हेंबर, बुधवार : 'सौ. व मी. सिनेमा, बाल्कनी दोन. वडे, चहा.'

बुधवारी? मी तर शाळेत होतो!

मला एकदम आठवलं. त्याच महिन्यात मी 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'साठी हट्ट धरला होता. "पोरगी पळवण्याचे सिनेमे बघायला आपल्याकडे पैसे नाहीत. नववीत आहेस," इति बाबा. आणि पुढं आठ-दहा दिवसांनी जेवताना ते आपणहून म्हणाले होते, "अरे, पळून जात नाहीत ते. पोरगा जातो तो बापाची परवानगी मिळाल्यावरच." मला वाटलं, पेपरात वाचलं असेल.

हा सरळ सरळ अपहार होता. मी वही घेऊन आईकडे गेलो. बहात्तर वर्षांची माझी आई त्या ओळीकडे बघून लाजली.

"ह्यांनी हाफ डे टाकला होता," ती म्हणाली.

"आणि मला का नाही नेलंत?"

"तुला नेलं असतं तर दोघंही तुझ्याकडेच बघत बसलो असतो. एकदा वाटलं, आपणही बघावं." मग जरा थांबून, "शेवटी तो बाप पोरीचा हात सोडतो ना, तेव्हा ह्यांनी चष्मा पुसला. मला म्हणाले, एसी फार आहे. त्या थेटरात पंखेसुद्धा धड नव्हते रे."

मी तो सिनेमा किती वेळा पाहिला, याचा हिशोब नाही. मुंबईच्या मराठा मंदिरात २०१४ च्या डिसेंबरात त्याला हजार आठवडे झाले, त्यातले दोन खेळ माझेही आहेत. चौदाव्या वर्षापासून मी दर वेळी गाडीच्या दारात उभ्या असलेल्या शाहरुखकडे बघत आलो. परवा रात्री पुन्हा लावला. या खेपेला अमरीश पुरी काय करतोय, इकडेच लक्ष गेलं. त्यानं हात सोडला आणि माझी नजर मुलीच्या बंद खोलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी डबे उघडल्यावर मी माझं मत मागं घेतलं. "मग आता कोणतं वय?" हेडकॅशियर बाईंनी विचारलं. मी म्हटलं, बघून सांगतो.

येत्या बुधवारी मी हाफ डे टाकलाय. मुलगी ज्या सिनेमाचं वेड घेऊन बसलीय, त्याची दोन तिकिटं काढलीत, माझं आणि बायकोचं. तिला अर्थात कॉलेज आहे, आणि आम्ही तिला काही सांगितलेलं नाही. रजेच्या अर्जावर 'कारण' या रकान्यात लिहिलंय : घरगुती.