मोघम शब्दाचा दोष

हिवरखेडच्या शिवारात कपाशीवर फवारणी सुरू झाली की कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण नजरेस पडतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य. ही खूण निरक्षर मजुरालाही कळावी अशी अपेक्षा असते. परंतु प्रमाण किती, कशात मिसळू नये, हे बारीक अक्षरांच्या घडीपत्रकातच राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कारणे अनेक होती. पण डब्यावरचा मजकूर कोणासाठी लिहिलेला असतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

आज तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. माणसाच्या वतीने कामे करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’ला निरनिराळी साधने सोपविली जातात. साधनाचे अंतरंग त्याला दिसत नाही. सोबतचे चार ओळींचे वर्णन वाचूनच तो निवड करतो. ‘जुन्या नोंदी हाताळते’ एवढेच लिहिले, तर हाताळणे म्हणजे जपणे की पुसणे? साधन काय करते, केव्हा वापरू नये, माप एकरी की हेक्टरी, केलेले मागे घेता येते की नाही, हे सारे स्पष्ट हवे.

चूक यंत्राच्या माथी मारणे सोपे असते. परंतु ज्याला केवळ आपल्या शब्दाचाच आधार आहे, त्याच्यापुढे जाणूनबुजून मोघम राहणे असत्यापासून फारसे दूर नाही. म्हणून लिहिणाऱ्याने आपले वर्णन आधी एखाद्या अनभिज्ञ माणसाच्या हाती द्यावे. तो जिथे अडखळेल, तिथे दोष आपला समजावा.