चुकलेली वजाबाकी

वजाबाकीसारखा प्राथमिक शाळेतील विषय नीतिविचाराच्या चर्चेत आणावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु इंदूरच्या एका शाळेत दुसरीत शिकणाऱ्या माझ्या नातीने ५२ मधून २७ वजा करून ३५ हे उत्तर काढले आणि टॅबलेटच्या पडद्यावर कर्कश आवाजासह लाल फुली उमटली, तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. चुकीचे उत्तर देणाऱ्याचे आपण काही देणे लागतो काय?

"हे कसे केलेस, बाळ?" असे विचारता ती निःशंकपणे म्हणाली, "आजोबा, सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन." म्हणजे तिने नियम मोडलाच नव्हता. मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी, हे पहिलीत शिकवलेले सूत्र तिने प्रत्येक घरात काटेकोरपणे पाळले होते. यंत्राने फुली मारली आणि लगेच योग्य रीत दाखवली. दशकाचा दांडा आपोआप मोडला, दहा चौकोन एककाच्या घरात धावत गेले. तिने ते आनंदाने पाहिले आणि पुढच्या उदाहरणात तीच चूक केली. दांडा मोडण्याची गरज तिला वाटलीच नव्हती. ती यंत्राला वाटली होती.

आमच्या लहानपणी तरी निराळे काय होते? "बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." वर दहा सुटे दिले, तर खाली एक दशक देऊन हिशेब चुकता करण्याची ती रीत. (आता शाळेत 'उधार' घ्यायला शिकवतात, परत न करायची उधारी!) उत्तर बरोबर येई. ते का येते, हे आम्हांस कोणी विचारले नाही आणि आम्हीही कोणास विचारले नाही.

म्हणून दोष एकट्या यंत्राला देता येत नाही. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी 'बगी' या संगणकीय खेळाविषयी लिहिले होते. त्यात संगणक शिक्षक होत नसे; तो चुकणारा विद्यार्थी होई. मनात एखादा सदोष नियम धरून तो वजाबाक्या करी, आणि भावी शिक्षकांनी उदाहरणे घालून तो नियम हुडकून काढायचा. मुलांच्या अनेक चुका निष्काळजीपणाच्या नसून नियमबद्ध असतात, हे त्यामागचे गृहीत होते. यंत्राचा याहून सुसंस्कृत उपयोग मला तरी ठाऊक नाही. मुलाने स्वतः दांडा मोडल्याशिवाय पुढे न सरकणारे कार्यक्रमही करता येतात. ते करायचे की फुली वाजवायची, हे शेवटी माणूसच ठरवतो.

एका वर्गात पन्नास मुले असताना प्रत्येकाला "कसे केलेस?" हे विचारणे शक्य नाही, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण सवड नसल्यामुळे देणे फिटत नाही, हे मला उशिरा उमगले. नोकरीत असताना एक कनिष्ठ लिपिक निवृत्तिवेतनाच्या हिशेबात वारंवार एकच चूक करीत असे. मी त्यास लेखी ताकीद दिली. तो रद्द झालेले जुने परिपत्रक प्रामाणिकपणे पाळत होता आणि नवे त्याच्या मेजावर कोणी पोहोचवलेच नव्हते, हे कळले तोवर त्याची बदली झाली होती. ती ताकीद मागे घेणे माझ्या अधिकारात होते. मी घेतली नाही.

नात आता तिसरीत आहे. टॅबलेट बाजूला ठेवून आम्ही दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधले. ५२ मधून २७ काढताना सुट्या काड्या दोनच उरल्या, तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग कोणी न सांगता तिने एका गठ्ठ्याचे रबर काढले. परवा ३०४ मधून १५७ वजा करून तिने २४७ लिहिले. शून्याचे नऊ केले होते. शतकातील तीन मात्र तसेच होते. मी पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि विचारले, "हे नऊ कोणाकडून आणलेस?"